पिठाचा कोंबडा आणि हिरवं रक्त

२०२१च्या जुलैत ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा गेम भारतात आला, तेव्हा खेळणाऱ्यांच्या नजरेत सगळ्यात आधी भरला तो रक्ताचा रंग. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली होती; क्राफ्टन या कोरियन कंपनीने त्याचाच भारतापुरता बेतलेला अवतार बाजारात आणला. मैदान तेच, बंदुका त्याच, शंभरांतून शेवटी एकाने किंवा एका चमूने उरायचं हा नियमही तोच. पण गोळी लागल्यावर उडणारं रक्त आता हिरवं होतं आणि गुणफलकावर ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ लिहून येत होतं. अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादाही घातली होती.

चाहत्यांनी या हिरव्या रक्ताची यथेच्छ टर उडवली. पण थट्टेच्या पोटात एक अडचणीचा प्रश्न होता. पडद्यावरचं मरण खोटंच असेल, तर रक्ताचा रंग बदलण्याचं कारण काय? आणि त्यात काही खरं असेल, तर नुसत्या रंगाने काय साधलं?

या गेमचा चाहता आता घरोघरी आहे. रात्रीची जेवणं उरकली की चौघांचा स्क्वॉड जमतो. एक कोथरूडच्या कॉट बेसिसवरच्या खोलीत, दुसरा इचलकरंजीत माळ्यावर, तिसरा नागपुरात, चौथा नोकरीसाठी बंगळुरात. कानात इअरफोन, चार्जर भिंतीला जोडलेला. ‘नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे’, ‘झोन आला, पळ’, ‘मागे बघ, मागे!’ असा गलका चालतो. शेजारच्या खोलीतल्या आजीला त्यातलं एकच कळतं: ‘मारला, मारला!’ शेवटपर्यंत टिकलेल्या चमूला गेम ‘चिकन डिनर’ जाहीर करतो. माळकऱ्याच्या घरातला नातूही ते बिनदिक्कत पटकावतो आणि कुणाच्या सोवळ्याला धक्का लागत नाही.

घरात यावरून भांडणं होतात ती वेळेवरून, डोळ्यांवरून, मार्कांवरून. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला, त्याची बातमी देशभर झाली. त्या भोंग्याचा रोखही वेळेवरच आहे. खेळात जे घडतं त्याचं पाप लागतं का, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तर प्रश्न पोरकट वाटतो. पण हाच प्रश्न हजार वर्षांपूर्वी या देशात एका पिठाच्या कोंबड्यावरून फार गंभीरपणे विचारला गेला आहे.

ही कथा जैन परंपरेतली, राजा यशोधराची. सोमदेवसूरींनी ती इ.स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूकाव्यात विस्ताराने मांडली, पुष्पदंताने अपभ्रंशात सांगितली, जन्नाने १२०९ मध्ये कन्नडात नेली. विसाव्या शतकात गिरीश कार्नाडांनी तिच्यावर ‘हिट्टिन हुंज’ हे नाटक लिहिलं. राणी एका कुरूप माहुताच्या नादी लागली आहे, हे यशोधराला कळतं. मन उद्ध्वस्त झालेला राजा आईला एका अशुभ स्वप्नाचं निमित्त सांगतो. आई म्हणते, देवीला पशुबळी दे, अरिष्ट टळेल. राजा अहिंसेचा, तो जीव घ्यायला तयार होत नाही. आई ऐकत नाही. शेवटी दोघांची तडजोड होते: जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याची मान उडवायची.

मान उडते. रक्त नाही, प्राण नाही, पीठ तेवढं सांडतं. जन्नाच्या काव्यात तर घाव बसताच तो कोंबडा आरवतो. पुढे राणी मायलेकांना विष घालते आणि दोघं जन्मामागून जन्म मोर, कुत्रा अशा प्राण्यांच्या योनींत भटकतात, मारले जातात, शिजवले जातात. हे सगळं एका पिठाच्या पुतळ्यापायी. जैन आचार्यांचं म्हणणं सरळ होतं: हातात पीठ असलं तरी मनात कोंबडा होता. हिंसेचे ते दोन भाग पाडतात, मनात घडते ती भावहिंसा आणि जीव प्रत्यक्ष जातो ती द्रव्यहिंसा. यशोधराच्या हातून दुसरी झाली नाही, पहिली मात्र पुरेपूर झाली.

आता दुसरी बाजू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की फारच इच्छा झाली तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा, पण उगाच जीव घेऊ नये. १३व्या शतकातल्या मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञात पिष्टपशूचाच पुरस्कार केला. म्हणजे जैनांनी ज्याला नरकाची वाट म्हटलं, तीच गोष्ट मध्वांच्या परंपरेला अहिंसेची सोय वाटली. महाराष्ट्रात तर हा तोडगा इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वादाचं आहे हेच विसरायला झालं आहे. नवरात्रात किंवा वास्तुशांतीला कोहळा कापतात, तो बळीच्या जागी असतो. कोहळा फोडणाऱ्याला पुढचा जन्म कुत्र्याचा मिळेल, असं कुणी म्हणत नाही.

वाद इथेच थांबला नाही. ‘सूत्रकृतांग’ या प्राचीन जैन आगमात आर्द्रक नावाच्या जैन साधूचा बौद्धांशी झडलेला एक संवाद आहे. तिथला बौद्ध सांगतो: कुणी दुध्या भोपळ्याला मूल समजून भाल्याने भोसकलं, तर आमच्या मते तो खुनी, आणि मुलाला भोपळा समजून भोसकलं, तर त्याला पाप नाही. म्हणजे सगळं हेतूवर. आर्द्रक त्याची खिल्ली उडवतो. मुलाला भोपळा समजणारा माणूस निर्दोष नसतो, बेपर्वा असतो, असं त्याचं म्हणणं. खोडसाळपणे रचलेला असला तरी हा दाखला आजच्या गेमिंगच्या चर्चेत चपखल बसतो. पडद्यावर सगळे भोपळेच असतात. खेळणारा त्यांना काय समजून भोसकतो, हा मुद्दा उरतो.

यात वसुबंधूंनी आणखी एक कडी जोडली. चौथ्या-पाचव्या शतकातला हा बौद्ध आचार्य ‘विंशतिका’ या छोट्या ग्रंथात जग म्हणजे चित्ताचाच आविष्कार असं मांडतो. प्रतिपक्षी विचारतो, तसं असेल तर स्वप्नातल्या खुनाचं आणि जागेपणीच्या खुनाचं फळ सारखं का नाही? वसुबंधूंचं उत्तर असं की स्वप्नात चित्त झोपेने दबलेलं असतं, म्हणून फळ वेगळं. स्वप्नात मारलेल्याला ही पळवाट मिळते. गेम खेळणाऱ्याला ती मिळत नाही, कारण त्या घडीला त्याच्याइतकं जागं दुसरं कुणीच नसतं. दूरच्या गवताची पात हलली तरी त्याचा अंगठा सरकतो.

मग आजीच्या नातवाचा निकाल लागला म्हणायचा का? त्याआधी बुद्धिबळाच्या पटाकडे बघायला हवं. तिथे हत्ती-घोडे मारले जातात, वजीर पडतो, राजाची कोंडी होते. घोडा मारणाऱ्याच्या मनात घोड्याचा जीव घ्यायचा विचार मुळीच नसतो. समोरच्याचा डाव मोडायचा असतो. ‘बॅटलग्राउंड्स’मधला खेळाडूही बहुतेक वेळा हेच करतो. समोरचा स्वखुशीने उतरलेला असतो आणि ‘मेल्यावर’ लगेच पुढच्या मॅचच्या रांगेत लागतो. यशोधराचं तसं नव्हतं. त्याला देवीकडून खऱ्या बळीचं फळ हवं होतं. पीठ देवीने जीव म्हणून स्वीकारावं, अशी त्याची मनोमन अपेक्षा होती. मारण्याचं फळ पाहिजे पण मारणं नको, अशी ती तडजोड होती. बुद्धिबळपटूला मारण्याचं फळच नको असतं. खोटं मारणं दोघांचंही सारखं, त्यामागचं मागणं वेगळं.

हा निकष लावला की सगळे गेम एका रांगेत बसत नाहीत. २०१३च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’मध्ये रस्त्यावरच्या पादचाऱ्याला चिरडून बहुतेक वेळा काहीच जिंकायचं नसतं. तरी चाहते ते करून बघतात. कुतूहल म्हणून, नियम कुठे ताणले जातात ते तपासायला, कधी दिवसभराचा राग काढायला. तत्त्ववेत्ता मॉर्गन लक याने २००९ मध्ये याच कोपऱ्यात बोट घातलं: पडद्यावरचा खून आपल्याला खपतो, पण पडद्यावरचा लहान मुलावरचा अत्याचार खपत नाही, दोन्हीत कुणाला इजा होत नसेल, तर हा फरक कुठून आला? या कोड्याची अनेक उत्तरं दिली गेली, एकही सर्वमान्य झालं नाही. भावहिंसा मानणाऱ्याला ते कोडं कमी छळतं. तो विचारेल की दोन्ही वेळी मन नेमकं कशात रमलं होतं.

इथे कुणी संशोधनाचा हवाला देईल, आणि तो द्यायलाच हवा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये पुन्हा एकदा सांगितलं की गोळीबारासारख्या गंभीर हिंसेचं खापर व्हिडिओ गेमवर फोडायला शास्त्रीय आधार नाही. चिडखोरपणात थोडी वाढ दिसते, त्याहून मोठे निष्कर्ष काढू नयेत. त्यामुळे कुठे गुन्हा घडला की मुलाच्या मोबाइलकडे बोट दाखवणाऱ्यांनी सबुरी धरावी. मात्र हा पुरावा खेळानंतर काय होतं याबद्दलचा आहे. यशोधराने पिठाचा कोंबडा मारल्यावर पुढे खरे कोंबडे मारले, असं कथा कुठेच म्हणत नाही. तिचा आक्षेप त्या एका क्षणावर आहे.

खेळात पाप-पुण्य गोवण्याची कल्पनाही इथे जुनीच. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. घराघरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं, दुर्गुणाच्या घरात सापाचं तोंड, सद्गुणाच्या घरात शिडीचा पाया, आणि माथ्यावर मोक्ष. शिकवण ठसठशीत आहे, पण एक गोष्ट त्यात नाही: खेळणाऱ्याची निवड. कवड्या पडतील तसं तो क्रोधाच्या घरात जातो, कवड्या पडतील तसाच दयेच्या शिडीवर चढतो. पटावर पाप आहे, पण पापी कुणी नाही.

निवड आली ती संगणकाबरोबर. रिचर्ड गॅरियट या अमेरिकन निर्मात्याच्या ‘अल्टिमा’ मालिकेतले सुरुवातीचे भाग चोरीमारी आणि लुटालुटीने भरलेले होते. पालकांची नाराजीची पत्रं त्याच्यापर्यंत आली. शिवाय चाहते जिंकण्यासाठी निरपराध गावकऱ्यांनाही बेधडक मारतात, हे त्याच्या लक्षात आलं. १९८५च्या ‘अल्टिमा फोर’मध्ये त्याने शेवटचा राक्षसच काढून टाकला. या गेममध्ये सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे आणि ‘अवतार’ व्हायचं. ही संज्ञा त्याने हिंदू परंपरेतून उचलली. त्यातली एक युक्ती चाहते अजून सांगतात. जादूचं साहित्य विकणारी बाई आंधळी असते आणि पैसे खेळाडूने स्वतः मोजून ठेवायचे असतात. कमी ठेवले तरी ती काही बोलत नाही, माल मिळतो, पुढचा प्रवास सुरू होतो. पण आत कुठेतरी सत्याचा आकडा घसरलेला असतो, आणि कित्येक तासांच्या खेळानंतर खेळाडू वर चढायला जातो तेव्हा वाट अडते. त्या आंधळ्या बाईच्या जागी काही बाइट्सची माहिती होती. फसवणाऱ्याचा कंजूषपणा मात्र त्याचा स्वतःचा होता.

हिदेओ कोजिमाने २००४च्या ‘मेटल गिअर सॉलिड थ्री’मध्ये हाच हिशेब डोळ्यांसमोर मांडला. हेरगिरीचा गेम, त्यात पहारेकऱ्यांना चुकवत जायचं. चुकवणं जमलं नाही तर मारायचं. बरंच अंतर कापल्यावर नायक एका नदीत उतरतो आणि प्रवाहाविरुद्ध चालू लागतो. समोरून एकेक सैनिक येऊ लागतात, त्या खेळाडूने तोवर मारलेले सगळे, ज्याला जसं मारलं त्याच अवस्थेत. गळा चिरलेला गळा धरून येतो, जाळलेला जळत येतो. ज्याने सटासट गोळ्या झाडल्या त्याची नदी संपता संपत नाही. ज्याने कुणालाच मारलं नाही त्याची जवळजवळ रिकामी. गरुडपुराणातली वैतरणी ऐकत वाढलेल्या मराठी खेळाडूला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. वैतरणी प्रत्येकाच्या कर्माप्रमाणे वेगळी, हे आजीने सांगितलेलं असतंच.

आणि मग ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स हा आधी स्वतःच चाहता होता. ‘अर्थबाउंड’ या जुन्या जपानी गेमवर तो इतका फिदा होता की २००८ मध्ये त्याने त्या गेमचीच मोडतोड करून हॅलोविनसाठी एक भयकथा बनवली. तिच्यासाठी रचलेली ‘मेगालोव्हेनिया’ ही धून पुढे त्याच्याच २०१५च्या ‘अंडरटेल’मध्ये सर्वांत अवघड लढाईला वाजते. हा गेम त्याने चित्रांची थोडी मदत घेऊन जवळजवळ एकहाती केला. जमिनीखालच्या राक्षसांच्या जगात एक मूल पडतं. समोर येणाऱ्या प्रत्येकाला मारता येतं, आणि प्रत्येकाला न मारता सोडताही येतं: गप्पा मारून, विनोद सांगून, कुरवाळून. सगळ्यांना सोडलं तर शेवट सुखाचा. ठरवून सगळ्यांना शोधून मारलं तर गावं ओस पडतात, आणि शेवटी नष्ट झालेलं जग परत मिळवायला खेळाडूला आपला आत्मा विकावा लागतो. त्यानंतर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करून कितीही साधुत्व दाखवलं, तरी सुखाच्या शेवटाला एक काळा डाग राहतो. बहुतेक गेम नव्याने सुरू केले की सारं विसरतात. हा विसरत नाही.

या गेमच्या चाहत्यांनी त्यावर जे उभारलं ते अफाट आहे. चित्रं, कॉमिक्स, गाण्यांच्या नव्या चाली, चांगली पात्रं दुष्ट झालेली पर्यायी विश्वं. मॅथ्यू पॅट्रिक या यूट्यूबरने २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या भेटीत पोप फ्रान्सिस यांना हाच गेम भेट दिला, आणि २०२२च्या जानेवारीत पोपसमोर सर्कशीच्या कलावंतांनी कसरती केल्या तेव्हा पार्श्वभूमीला नेमकी ‘मेगालोव्हेनिया’ वाजली. पण चाहत्यांच्या उद्योगांतला सगळ्यात धर्मशास्त्रीय म्हणावा असा प्रकार वेगळाच आहे. आत्मा विकल्याची नोंद गेम संगणकात एका दडवलेल्या फाइलमध्ये ठेवतो. चाहत्यांनी ती शोधून काढली. ती पुसली की डाग जातो. यावर दोन पक्ष पडले. एकांच्या मते फाइल पुसणं म्हणजे प्रायश्चित्त नाही, लबाडी आहे, केलेलं भोगावं. दुसरे म्हणतात, खेळच तो, विकत घेतलेला, त्याने आपल्यावर कसली नोंद ठेवायची? पैठणच्या धर्मपीठावर याहून फार निराळे युक्तिवाद झाले नसतील.

काही चाहते मात्र नियम कुणी घालून दिले नसताना स्वतःच व्रत घेतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये दोन फौजांची लढाई चालते आणि नवं पात्र थोड्या वेळाने एका फौजेत दाखल होतं. ‘डबलएजंट’ नावाचं एक पांडासारखं पात्र चालवणाऱ्या खेळाडूने फौज निवडायचंच नाकारलं. सुरुवातीचं बेट सोडायचं नाही, कुणाला मारायचं नाही, फक्त फुलं-वनस्पती तोडायच्या आणि खनिज खणायचं. त्या कामाला मिळणारे गुण अगदी तुटपुंजे. तरी तेवढ्यावर त्याने हे पात्र त्या काळच्या सर्वोच्च पातळीला नेलं, आणि गेमच्या नव्या आवृत्त्या आल्यावर पुन्हा तेच केलं. हिंसा खोटी म्हणून ती न करण्याला अर्थ नाही, असा तर्क त्याला कुणीही ऐकवू शकला असता. पण जो तास-न्-तास फुलं तोडत बसला, त्याचा संयम तर खोटा नव्हता.

उलट गंमत गांधीजींची. सिड मायरच्या १९९१च्या ‘सिव्हिलायझेशन’ या गेममध्ये जगातले नेते आपापली साम्राज्यं वाढवतात, त्यांत भारताकडून गांधी. चाहत्यांत एक कथा रुजली: गांधींची आक्रमकता सगळ्यात कमी, एक. लोकशाही आली की ती दोनाने घटायची, पण शून्याखाली आकडा मावेना, म्हणून तो उलटा फिरून २५५ व्हायचा आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे. यावर असंख्य व्यंगचित्रं निघाली. मायरने २०२०च्या आत्मचरित्रात स्पष्ट केलं की पहिल्या गेममध्ये अशी चूक नव्हतीच. पुढे ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’मध्ये मात्र गांधींचं अण्वस्त्रप्रेम थट्टेने मुद्दाम बारावर ठेवलं गेलं, जिथे एरवी दहा म्हणजे शिखर. या दंतकथेला लोक हसतात ते तिच्यात कुणाचाच हेतू नाही म्हणून. आकडा फिरला, बॉम्ब पडले, पण मनात हिंसा असलेला कुणी सापडत नाही. मोक्षपटातल्या कवड्यांसारखंच.

हेतू सापडतो ते प्रकरण २००६च्या मार्चमधलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणाऱ्या एका बाईचं प्रत्यक्षात निधन झालं. तिच्या साथीदारांनी गेममधल्या एका बर्फाळ दरीत तिचं पात्र उभं करून श्रद्धांजलीची सभा ठेवली. विरोधी बाजूच्या ‘सेरेनिटी नाऊ’ या गटाला ते कळलं. गट चालून आला आणि शोकाला उभ्या असलेल्या साऱ्या पात्रांना त्याने कापून काढलं, चित्रफीतही केली. गेमचा एकही नियम मोडला नव्हता. तो भाग एकमेकांवर हल्ले करायला मोकळाच होता. ‘खेळच आहे’ हा बचाव तेव्हापासून आजवर दिला जातो. पण त्या हल्ल्याचं लक्ष्य पात्रं नव्हती. पात्रं तर थोड्या वेळाने उठून उभी राहिली. लक्ष्य होतं पलीकडे खुर्चीत बसलेल्या माणसांचं दुःख, आणि ते खरं होतं म्हणूनच हल्ल्यात मजा होती. सूत्रकृतांगातल्या भाल्याचा हा तिसराच प्रकार: भोपळा भोसकायचा, आणि त्याच्या आड मूल आहे हे पक्कं ठाऊक असायचं.

त्याच गेममध्ये त्याच सुमाराला मॅट्स स्टीन हा नॉर्वेचा तरुणही वावरत होता. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्यूशेन हा आजार त्याला होता. तो २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला, तेव्हा आईवडिलांना वाटत होतं की मुलाचं आयुष्य एका खोलीत, एकट्याने, पडद्यासमोर सरलं. त्यांनी त्याच्या ऑनलाइन ओळखीच्यांना बातमी कळवली आणि युरोपभरातून पत्रांचा पाऊस सुरू झाला. ‘इबेलिन’ या नावाने त्याने गेममध्ये कुणाची समजूत घातली होती, कुणाला आपल्या मुलाशी पुन्हा बोलायला लावलं होतं, कुणाच्या पडत्या काळात रोज चौकशी केली होती. काही जण अंत्ययात्रेला प्रत्यक्ष आले. बेंजामिन री याने त्याच्यावर केलेला माहितीपट २०२४ मध्ये जगभर पाहिला गेला. इबेलिनची तलवार खोटी, घोडा खोटा, जंगल खोटं. त्याने दिलेला वेळ खरा.

‘बॅटलग्राउंड्स’च्या रात्रीच्या स्क्वॉडला हा फरक रोज भेटतो. अनोळखी खेळाडूंबरोबर माइक चालू ठेवून खेळणाऱ्या मुलींना आवाज ओळखताच ज्या शिव्या पडतात, त्या हिरव्या होत नाहीत. नवख्याला ‘नूब’ म्हणून अर्ध्यात सोडून जाणं, मुद्दाम आपल्याच गड्याला बॉम्बने उडवणं, फसव्या सॉफ्टवेअरने भिंतीपलीकडचं बघणं, हे सगळं जिवंत माणसाला लागतं. आणि मध्येच एखादा अनोळखी आपली औषधपेटी टाकून, स्वतः गोळ्या झेलत दुसऱ्याला उठवायला येतो, तेव्हा तोही जिवंत माणसालाच उठवत असतो. रक्ताचा रंग बदलणाऱ्यांनी गोळीकडे लक्ष दिलं. माइककडे लक्ष देणं जास्त कठीण काम आहे, कारण तिथे लाल-हिरवं करण्यासारखं काही नसतं.

एक प्रश्न मात्र अजून कुणी नीट सोडवलेला नाही, आणि तो न खेळणाऱ्या चाहत्यांचा आहे. ‘अंडरटेल’मध्ये सगळ्यांना मारत सुटलेल्या खेळाडूशी फ्लावी नावाचं एक बोलकं फूल गप्पा मारतं, आणि बोलता बोलता स्वतः मारायची हिंमत नाही म्हणून दुसऱ्याला मारताना नुसतं बघणाऱ्यांवर टोमणा हाणतं. टोबी फॉक्सला ठाऊक होतं की हजारो जण हा शेवट यूट्यूबवर बघणार आहेत. जैन आचारशास्त्र इथे पुन्हा अडवतं. तिथे कर्माचे तीन दरवाजे मोजतात: स्वतः केलेलं ते कृत, दुसऱ्याकडून करवलेलं ते कारित, आणि दुसऱ्याने केल्यावर मान डोलावली ते अनुमोदित. साधूच्या व्रतात तिन्ही सारख्याच कडकपणे वर्ज्य असतात. भारतात ‘बॅटलग्राउंड्स’ खेळणाऱ्यांच्या जोडीला त्याचं थेट प्रक्षेपण बघणारे मोठ्या संख्येने आहेत. जेवताना, बसमध्ये, अंथरुणात. एखाद्या नेमबाजाने चौघांचा स्क्वॉड आडवा केला की टाळ्यांच्या चिन्हांनी पडदा भरून जातो. हे अनुमोदन झालं. पण सुपरचॅटवर शंभर रुपये पाठवून ‘या मॅचमध्ये बंदूक टाक, फक्त तव्याने मार’ अशी फर्माईश करणारा तिसऱ्या दरवाजातून निघून दुसऱ्यात जातो, कारण गेममधला तवा आणि समोरचं डोकं काहीही असलं तरी शंभर रुपये रोख असतात आणि फर्माईश त्याच्या स्वतःच्या नावाने वाचून दाखवली जाते.